उरलेल्या रविवारांचा काठ

उन्हाळ्याच्या सुट्ट्या दोन महिन्यांवर आल्या की भंडाऱ्याच्या घराघरांत समुद्राचा विषय निघतो. विदर्भ एक्स्प्रेसची तिकिटं काढली जातात. भंडारा रोडला गाडीत बसायचं, रात्र गाडीत काढायची, सकाळी मुंबई, तिथून अलिबाग, मुरूड किंवा आणखी खाली गणपतीपुळे. तीन-चार दिवस लेकरं लाटांत लोळतात, कपड्यांत वाळू आणि पिशवीत शिंपले घेऊन परत येतात. वर्षभर बाजूला टाकलेला पैसा त्यात जातो आणि तो गेल्याचं कुणाला वाईट वाटत नाही. जावं. आपल्या भागातल्या प्रत्येक लेकरानं एकदा तरी समुद्र बघितलाच पाहिजे. माझं भांडण त्या चार दिवसांशी नाही, उरलेल्या रविवारांशी आहे.

त्या रविवारी आपण काय करतो? गाडी काढतो, साठेक किलोमीटरवरचं नागपूर गाठतो आणि एखाद्या मॉलमध्ये लेकरांना सरकत्या जिन्यावरून वर-खाली फिरवून आणतो. का, म्हणून विचारलं तर उत्तर तयार असतं : ‘भंडाऱ्यात आहेच काय?’

हे वाक्य मला सहन होत नाही.

वैनगंगा मध्य प्रदेशात शिवनी जिल्ह्यातल्या मुंडाऱ्याजवळ उगम पावते. तुमसर, मोहाडी, भंडारा, पवनी, लाखांदूर. जिल्ह्याच्या सात तालुक्यांपैकी पाच तालुके तिच्या काठाला लागलेले आहेत. पुढे ती वर्धेला मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी बंगालच्या उपसागरात. आपलं पाणी पूर्वेच्या समुद्राला जातं आणि आपण पाय भिजवायला पश्चिमेच्या समुद्राकडे धावतो. मधल्या एवढ्या मोठ्या काठावर आपला एकही रविवार जात नाही.

नदी सोडा, तलाव घ्या. १९९९ साली गोंदिया वेगळा झाला तरी तलावांचा जिल्हा ही ओळख दोघांनाही राहिली. गोंड राजांच्या काळात कोहळी समाजानं ही तळी बांधली. जमिनीचा उतार नुसत्या डोळ्यांनी ओळखून त्यांनी मातीची पाळ घातली, पाणी सोडायला दगडी तुडुम बसवलं आणि एका तलावाचं वाहून गेलेलं पाणी खालच्या तलावात, तिथलं त्याच्याही खालच्या बोडीत जाईल अशी साखळी जुळवली. ऊस आणि धान दोन्ही त्या पाण्यावर निघाले. पूर्व विदर्भात अशी सहा हजारांवर तळी आहेत. मालगुजारी १९५१ मध्ये संपली, तळी सरकारच्या ताब्यात गेली आणि कागदावर त्यांचं नाव ‘माजी मालगुजारी तलाव’ झालं. लोक त्याला ‘मामा तलाव’ म्हणतात. शंभर हेक्टरांवर सिंचन असलेले मोठे तलाव राज्याच्या पाटबंधारे खात्याकडे, बाकीचे जिल्हा परिषदेकडे. पूर्वी दर उन्हाळ्यात गाव मिळून गाळ काढायचं आणि तो गाळ बांध्यांत टाकायचं. मालक बदलला, तसा गाळ कुणाचाच राहिला नाही. तळी उथळ झाली, बेशरमाची झुडपं आत शिरली, काठाचे तुकडे कुणाच्या धुऱ्यात गेले तर कुणाच्या प्लॉटमध्ये.

तरीही पावसाळा संपल्यावर एखाद्या संध्याकाळी अशा तलावाच्या पाळीवर जा. एका अंगाला पाणी, दुसऱ्या अंगाला खाली लोंब्या भरलेला धान. मधल्या पाळीवरून बैलगाडीही जाईल आणि आजीचा हात धरून नातूही चालेल. पाण्यात शिंगाड्याची वेल पसरलेली असते. ढिवराचा डोंगा त्या वेलींत हळूच शिरतो, तो एका हातानं वेल उलटी करतो आणि दुसऱ्या हातानं खालचे शिंगाडे तोडून टोपलीत टाकतो. पुन्हा वेल सुलटी ठेवतो, कारण पुढच्या तोडीला तीच लागणार असते. लेकराला हे दाखवायला तिकीट लागत नाही. दिवाळीच्या सुमारास हेच शिंगाडे उकडून रस्त्याच्या कडेला विकायला बसतात, तेव्हा ते कुठून आले हे त्याला ठाऊक असेल.

हिवाळ्यात तर पाहुणे येतात. मध्य आशियातून, हिमालय ओलांडून पट्टकादंब हंस आपल्या तलावांवर उतरतात. डोक्यावर दोन काळ्या पट्ट्या, सकाळच्या उन्हात गवत खुडत बसलेले. हजारो किलोमीटर उडून आलेल्या पाखराला भंडारा सापडतो आणि भंडाऱ्याच्या माणसाला नाही, याचा मला खरोखर राग येतो.

रावणवाडीच्या पाण्यावर मात्र गर्दी असते. चांदपूरला हनुमंताच्या दर्शनाला येणारे लोक जलाशयाकडेही वळतात. गायमुखला महाशिवरात्रीची यात्रा भरते. पवनीत वैजेश्वरच्या घाटावर लोक आंघोळीला येतात, त्या गावाच्या मातीत तर मौर्यकाळापर्यंत मागे जाणारे स्तूप सापडले आहेत. सांगायचं एवढंच की आपल्या लोकांना पाणी आवडत नाही असं नाही. देव असला की आपण काठावर जातो. देव नसला की काठ नुसती मोकळी जागा ठरते, आणि मोकळ्या जागेचं आपण काय करतो ते पुढं सांगतो.

आता आंभोऱ्याला चला. वैनगंगा, कन्हान, आम, मुर्झा आणि कोलारी अशा पाच नद्यांचा हा संगम. टेकडीवर चैतन्येश्वराचं मंदिर. मुकुंदराजांनी शके १११० मध्ये ‘विवेकसिंधु’ इथंच रचला असं इथली परंपरा मानते, आंबेजोगाईही तोच मान सांगते. २०२४ च्या जानेवारीत इथं तारांवर तोललेला सातशे मीटरचा पूल खुला झाला. नागपूर जिल्ह्यातलं कुही आणि आपला भंडारा त्यानं जोडले गेले. वर उंचावर काचेची गॅलरी आहे. तिथून खाली पाचही नद्यांचं एक झालेलं पाणी दिसतं. पूल देखणा आहे आणि गरजेचाही होता. ज्या माणसाला दवाखान्यासाठी मोठा फेरा पडायचा त्याला विचारा. रविवारी तिथं गाड्यांची रांग लागते, हे बघून मला आनंदच होतो. आपल्या लोकांनी एकदाचं आपल्या पाण्याकडे मान वळवून बघितलं.

पण पूल वरून बघायचा असतो आणि घरचे लोक खाली बसतात. चादर खाली अंथरतात, डबा खाली उघडतात, लेकरं खाली पाण्याकडे धावतात. कोट्यवधी रुपये उंचावर लागले. खाली काय लागलं, याचा हिशोब मला हवा आहे.

रविवारची सहल म्हणजे घरातल्या बाईसाठी काय असते ते बघा. पहाटे पाचला उठून ती कणीक भिजवते, वांगी चिरते, वरणाचा डबा बांधते. पानगे काठावर करायचे ठरलं तर गोवऱ्या आणि पळसाची पानंही तीच गोळा करते. सासूची गोळी, लहानग्याचे जास्तीचे कपडे, पाण्याची कॅन, सगळं तिच्या डोक्यात. आणि निघायच्या आधी ती एक गोष्ट कुणालाही न सांगता करते : पाणी पिणं बंद करते. कारण तिथं आडोसा नाही हे तिला माहीत असतं. आपल्या जिल्ह्यातल्या बहुतेक काठांवर बाईला जायला जागा नाही. पुरुष झुडपामागे जाऊन येतात. ती सकाळी आठपासून संध्याकाळी घरी पोचेपर्यंत, दिवसभर पाणी न पिता पाण्याकाठी बसून राहते. पाण्यात उतरायची इच्छा तर तिनं केव्हाच सोडलेली असते, कारण ओलं लुगडं बदलणार कुठं? जी लेकीसोबत समुद्रात कमरेपर्यंत गेली, तीच बाई स्वतःच्या जिल्ह्यातल्या नदीत घोटाभरही उतरत नाही. पर्यटन विकासाचा कोणताही नकाशा माझ्यासमोर आणला तर मी पहिलं हे बघेन की त्यात बायांचा संडास कुठं दाखवला आहे आणि त्याला पाण्याची टाकी आणि झाडणारं माणूस आहे की नाही.

दुसरं बघेन ते पायऱ्या. वैनगंगेचा काठ बऱ्याच जागी एकदम खोल जातो. वाळूच्या उपशानं पात्रात डोह पडले आहेत, वरून पाणी सपाट दिसतं आणि पुढचं पाऊल तळाला टेकत नाही. सुट्टीच्या दिवशी पोहायला गेलेल्या पोरांच्या बातम्या आपण दरवर्षी वाचतो आणि ‘पोरांनी जायला नको होतं’ म्हणून पेपर मिटतो. पोरं जाणारच. नदीकाठच्या गावातल्या पोराला पोहता येत नाही, हा त्या पोराचा दोष मी मानत नाही. शाळेच्या वेळापत्रकात योगासनं आहेत, कवायत आहे. तलावांच्या जिल्ह्यात पोहणं का नाही?

ज्या जानेवारीत आंभोऱ्याचा पूल उघडला, त्याच महिन्यात याच वैनगंगेवर, खाली गडचिरोली आणि चंद्रपूर जिल्ह्यांच्या हद्दीवर एक डोंगा उलटला. त्यात चामोर्शी तालुक्यातल्या बाया होत्या. पलीकडे मिरची तोडायच्या मजुरीला निघाल्या होत्या. सहा बाया बुडाल्या. सहल नव्हती ती, त्यांचा रोजचा रस्ता होता. काठावरचं रोजचं जगणं सुरक्षित नसेल तर सुट्टीच्या दिवसाचंही नसतं, कारण पाणी तेच, डोंगा तसाच आणि दोर दोघांनाही नाही.

धरणाचं काय? २२ एप्रिल १९८८ रोजी पंतप्रधान राजीव गांधींच्या हस्ते गोसेखुर्दचं भूमिपूजन झालं. तेव्हाचा अंदाज ३७२ कोटींचा होता. अडीच लाख हेक्टर भिजणार होतं. २००९ मध्ये राष्ट्रीय प्रकल्पाचा दर्जा मिळाला. पवनीजवळ अकरा किलोमीटरची भिंत, ३३ दरवाजे. नागपूर आणि भंडारा जिल्ह्यांतली ऐंशीहून जास्त गावं त्या पाण्यात किंवा पाण्यापायी उठली. आता तिथं जलपर्यटन होऊ घातलं आहे. २०२४ मध्ये त्याचंही भूमिपूजन झालं. बोटी येतील, घाट बांधले जातील, खेळ येतील. मला ते हवं आहे. फक्त एका गोष्टीवर मी हटून बसणार आहे. त्या बोटीचं सुकाणू कुणाच्या हातात?

ज्याचं घर, वाडी, चावडी, शाळा त्या पाण्याखाली आहे, त्याच्या हातात ते असलं पाहिजे. बाहेरच्या ठेकेदाराचा वर्दी घातलेला पोरगा ‘समोर बघा, किती सुंदर जलाशय’ म्हणेल. गाव गेलेला माणूस बोट थांबवून सांगेल, इथं आमचं मारुतीचं देऊळ होतं, तिथं बाजार भरायचा, या बाजूनं रोवणीला जायचो. घरच्यांना घेऊन बोटीत बसलेल्या माणसाला हे कळलं पाहिजे की आपण कुणाच्या तरी अंगणावरून चाललो आहोत. आणि ढिवरांना तर यातलं काही शिकवावंही लागणार नाही. पाणी कुठं उथळ, वारा केव्हा फिरतो, डोंगा केव्हा काठाला लावायचा हे त्यांना आजोबांपासून ठाऊक आहे. त्यांना परवाना द्या, जॅकेट द्या, विमा द्या, भाड्याचा पैसा त्यांच्या संस्थेत जाऊ द्या. हे लेखी करारात आलं नाही तर तिकीट कापणारे एका गावचे आणि बुडालेले दुसऱ्याच गावचे, असं होईल.

पाण्याचं आणखी एक दुखणं आहे. नाग नदी नागपूर शहराचं सांडपाणी घेऊन कन्हानमध्ये जाते. कन्हान कुठं मिळते? आंभोऱ्याला, वैनगंगेत. म्हणजे काचेच्या गॅलरीतून आपण जो संगम बघतो, त्यात नागपूरची मोरीही मिसळलेली आहे आणि तेच पाणी पुढं धरणात साठतं. उन्हाळ्यात पाण्याला वास येतो, जलपर्णी पसरते. नाग नदीच्या शुद्धीकरणासाठी १,९२७ कोटींची योजना मंजूर आहे. ती पूर्ण होईपर्यंत आपण आपल्या लेकरांना ज्या पाण्यात खेळवणार, ते तपासलेलं आहे की नाही? महिन्याला एकदा पाण्याची तपासणी करून घाटावर फळा लावायला कितीसा खर्च येतो? ‘आज आंघोळीला योग्य’ किंवा ‘आज उतरू नका’, एवढंच लिहायचं आहे.

पावसाळ्यात हेच पाणी आपल्याकडे चालत येतं, हेही विसरून चालणार नाही. गोसेखुर्दची पूर्ण भरल्यावरची पातळी २४५.५ मीटर, आणि भंडाऱ्याजवळ कारध्याला नदीची धोक्याची पातळीही २४५.५ मीटर. २०२० च्या ऑगस्टअखेर वर मध्य प्रदेशातल्या धरणाचं पाणी सुटलं आणि भंडाऱ्याच्या वस्त्यांत छातीपर्यंत पाणी चढलं. काठावर राहणाऱ्या माणसाला त्या आकड्याची भीती वाटते. म्हणूनच सांगतो, काठाशी ज्याचं रोजचं येणं-जाणं असतं त्याला नदीचा रंग बदललेला आधी कळतो. ज्यानं नदी फक्त पुलावरून पाहिली, त्याला ती अंगणात आल्यावरच कळते.

आणि आता आपण. रविवारी संध्याकाळी आपण उठून गेल्यावर काठावर काय उरतं ते मी पाहिलं आहे. पत्रावळी म्हणून आणलेल्या प्लास्टिकच्या ताटल्या, खर्ऱ्याच्या पन्न्या, वेफर्सची पाकिटं, फोडलेल्या बाटल्यांच्या काचा. याच जिल्ह्यात जंगलभर पळस असताना आपण जेवायला प्लास्टिक आणतो. सोमवारी सकाळी त्याच जागी ढिवराची बाई अनवाणी उभी राहून जाळं आवरते. तिच्या टाचेत आपली काच जाते. यात शासन येत नाही, ठेकेदार येत नाही, नागपूर येत नाही. हे सरळ आपलं आहे.

त्याच बाईकडे जरा थांबा. नदीच्या रस्त्याला सकाळी ती पळसाच्या पानावर मासळीचे वाटे मांडून बसते. झिंग्यांचा वाटा, लहान मासळीचा वाटा, नशिबात असेल तर घमेल्यात अजून शेपूट हलवणारी एखादी मरळ. घासाघीस करा, पण लेकराला खाली बसवून तिच्याकडून नावं विचारून घ्या. तलावात आता कतला, रोहू, मिरगल ही सोडलेली मासळीच जास्त. देशी जाती कमी होत चालल्या, कारण त्या ज्या पाणवनस्पतींत अंडी घालतात त्याच गेल्या. हे कुणी विद्यापीठानं आधी सांगितलं नाही, ढिवरांनी सांगितलं. मनीष राजनकर आणि भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळ यांनी ते ऐकून घेतलं. शेजारच्या अर्जुनी मोरगाव भागात ढिवरांच्या संस्थांसोबत त्यांनी तलावांतली बेशरम उपटली, देशी वनस्पती पुन्हा लावल्या आणि मासळी परत आली. त्या कामात बाया पुढं होत्या. ज्याला हिवाळ्यातल्या एखाद्या रविवारी काहीतरी खरं बघायचं असेल त्यानं तिकडे जावं आणि आपल्या गावच्या तलावाला काय लागेल ते विचारून यावं.

कुणी म्हणेल, हे सगळं करायला पैसा कुठं आहे? पूल झाला, गॅलरी झाली, जलपर्यटनाला मंजुरी मिळाली, म्हणजे पैसा आहे. तो काठावर उतरत नाही, कारण काठासाठी कुणी मागत नाही. बोटीचं उद्घाटन करता येतं, फीत कापता येते. संडास झाडणाऱ्या माणसाच्या पगाराचं उद्घाटन होत नाही. म्हणून तो पगार आपणच मागायला हवा आणि दरवर्षी मागायला हवा.

२ ऑक्टोबरला गावोगाव ग्रामसभा होईल. अर्ध्या पानाचा ठराव लिहून न्या : तलावाच्या किंवा नदीच्या काठावर बायांसाठी संडास आणि कपडे बदलायची खोली, पाण्यात उतरायला पायऱ्या, खोल जागी फलक, घाटावर दोर आणि हवेच्या चार रिंगा, देखभालीला ढिवर समाजातलं गावातलंच माणूस, पगार ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकातून. शहरात राहत असाल तर हाच कागद खांब तलावाच्या नावानं नगर परिषदेत द्या आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. सूचक म्हणून घरातल्या बाईचं नाव घाला. अनुमोदक तिची सासू.